वाया गेलेले गुण

‘वाया जाणे’ हा आपल्या भाषेतला मोठा घरगुती शब्दप्रयोग आहे. दूध वाया जाते, अन्न वाया जाते, आणि लक्ष ठेवले नाही तर मुलगाही वाया जातो. या जुन्या यादीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे गुण. प्रवेशपरीक्षेचा निकाल लागतो आणि घराघरांतून एकच वाक्य ऐकू येते : ‘एवढे मार्क पडलेत, तर कॉम्प्युटरच घे. उगाच मार्क वाया घालवू नकोस.’ मी चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवले. मार्क कसे पडतात, कसे कापले जातात, अर्ध्या मार्कासाठी मुले कशी हुज्जत घालतात, हे मला चांगले ठाऊक आहे. ते वाया कसे जातात हे मात्र मला निवृत्त झाल्यावर कळू लागले, कारण तेव्हापासून नात्यागोत्यातली आणि जुन्या विद्यार्थ्यांची मंडळी माझ्याकडे सल्ला मागायला येऊ लागली.

चातुर्मासात लग्ने जमत नाहीत असे आपण म्हणतो. ते खरे नव्हे. आषाढ-श्रावणात लग्नांऐवजी प्रवेश जमतात, इतकेच. तीच लगबग, त्याच याद्या, तीच कुजबुज. पूर्वी ‘मुलगा काय करतो?’ असे विचारीत, आता ‘प्लेसमेंट काय आहे?’ असे विचारतात. घराणे पाहत, आता कट-ऑफ पाहतात. संगणकावर पसंतीक्रम भरायचा, एखाददुसरा नव्हे, चांगली शेकड्याने नावे भरता येतात. आणि पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती बंधनकारक. म्हणजे साखरपुडाच उरकला म्हणायचा. फरक एवढाच, की स्थळ पाहायला निदान चार माणसे घरी जाऊन पोहे खाऊन येत असत. ज्या ठिकाणी मुलगा चार वर्षे काढणार ते ठिकाण पाहायला यातले फारच थोडे आईबाप जातात.

मग निवड कशावरून करतात? आकड्यांवरून. आकड्यांशी माझे वैर नाही. त्यांच्यावरच माझे घर चालले. पण आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही हे पाहायला हवे. ९९ पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरांपैकी ९९ प्रश्न बरोबर आले असा नाही. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतले ९९ जण आपल्या मुलाच्या मागे किंवा फार तर बरोबरीला आहेत, एवढाच तो आहे. हा रांगेतला नंबर झाला. मुलाला काय येते, काय आवडते, तो कशावर रात्र जागवील, यांतले काहीही त्या आकड्यात नाही. महाविद्यालयाच्या कट-ऑफचेही तसेच. गेल्या वर्षी तेथे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाचा तो आकडा. तो मागणी सांगतो, शिकवणे सांगत नाही. गेल्या वर्षीच्या पालकांनी त्याच्या आदल्या वर्षीचा कट-ऑफ पाहून याद्या भरल्या, त्यांच्या याद्यांतून यंदा आपल्यापुढे आलेला आकडा तयार झाला, आणि आपण तो पाहून पुढच्या वर्षीचा तयार करतो. मेंढरांच्या कळपात पुढचे मेंढरू तरी रस्ता पाहत असते. येथे पुढचेही मागच्याकडेच पाहून चालले आहे. २०१६ पासून केंद्र सरकार देशातल्या शिक्षणसंस्थांची क्रमवारी जाहीर करते. तिच्या पाच कसोट्यांपैकी एक कसोटी ‘संस्थेविषयी लोकांचा समज’ ही आहे. सरकारने ती निदान उघड लिहून ठेवली, हा प्रामाणिकपणाच म्हणायचा.

पगाराच्या आकड्यांविषयी तर बोलायलाच नको. पण गणिताचा मास्तर असल्याने बोलल्यावाचून राहवत नाही. दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला चार लाखांची नोकरी लागली आणि एकाला चव्वेचाळीस लाखांची, तर सरासरी होते आठ लाख. फलकावर चव्वेचाळीस मोठ्या अक्षरांत, आठ त्याहून लहान अक्षरांत, आणि चार कोठेच नाही. यात खोटे एक अक्षर नाही. आपला मुलगा त्या नऊ जणांत असण्याचा संभव दहापैकी नऊ आहे, हे गणित मात्र आईबापांनी घरी करायचे. ‘मध्यक किती?’ एवढा एक प्रश्न विचारून पाहा. समोरचा माणूस चहा मागवील.

विद्यापीठ हा शब्द या सगळ्या बोलण्यात कोठेच येत नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. मुलाला विचारावे, ‘कोणत्या विद्यापीठात आहेस?’ तर तो महाविद्यालयाचे नाव सांगतो. दोष त्याचा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर : महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी. आपल्याकडे आधुनिक विद्यापीठ जन्माला आले तेच मुळी परीक्षक म्हणून; गुरुपण त्याला मागाहून चिकटले. कोणी एका गावात शिकवायचे, कोणी दुसऱ्याच गावात प्रश्नपत्रिका काढायची, आणि मुलांनी या दोघांच्या मधून वाट काढायची, ही रीत आपल्या हाडीमाशी खिळली आहे. आता काही महाविद्यालये स्वायत्त झाली आहेत. पुण्याचे १८५४ सालचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय तर २०२२ साली स्वतःच विद्यापीठ झाले. जो शिकवतो तोच जेथे अभ्यासक्रम ठरवतो आणि प्रश्नही काढतो, तेथे शिकवण्याला एक जबाबदारी येते. ढिलाईलाही वाव मिळतो, हे कबूल. पण पालकांच्या वहीत कट-ऑफचा रकाना असतो, फीचा असतो, वसतिगृहाचा असतो. ‘प्रश्नपत्रिका कोण काढतो?’ हा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

आता त्या वाया जाण्याकडे वळतो. या शब्दामागे एक समजूत लपलेली आहे : गुण हे नाणे आहे आणि ज्याच्याजवळ ते आहे त्याने बाजारातली सर्वांत महाग वस्तू घेतली पाहिजे. मी शंभराची नोट घेऊन दहा रुपयांची वही आणली, तर नव्वद रुपये वाया गेले असे कोणी म्हणत नाही, कारण ते मला परत मिळतात. प्रवेशाच्या बाजारात मात्र सुटे पैसे परत देण्याची पद्धत नाही. म्हणून लोकांचा जीव कळवळतो. हा कळवळा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घरात जमीन नाही, दुकान नाही, ओळख नाही, त्या घरात मुलाचे गुण हे एकच भांडवल असते. ‘तुझी आवड काय?’ हा प्रश्न त्या मुलाला विचारणे म्हणजे उपाशी माणसाला चवीविषयी विचारणे होय. आवडीचा उपदेश करणारे लेख मी पुष्कळ वाचले. ते बहुतेक पोट भरलेल्या माणसांनी लिहिलेले होते. मीही निवृत्तिवेतन घेऊन लिहितो आहे, म्हणून जपून लिहितो.

पण हे वाक्य उपाशी घरातून क्वचित ऐकू येते, भरल्या घरातूनच अधिक. माझ्या भाच्याच्या मुलाला पूल बांधायचे होते. लहानपणापासून तो नदीवर गेला की पाणी पाहायचा नाही, खांब पाहायचा. त्याला उत्तम गुण मिळाले, आणि तेथेच घोटाळा झाला. थोडे कमी पडले असते तर त्याला स्थापत्य शाखा सुखाने मिळाली असती. ‘मामा, एवढे मार्क असताना सिव्हिल? लोक काय म्हणतील?’ भाचा म्हणाला. मी म्हटले, ‘अरे, पुण्याचे ते कॉलेज निघाले तेच बांधकाम खात्याची माणसे तयार करायला. इमारती, कालवे, पूल यांसाठीच ते निघाले.’ भाच्याने माझ्याकडे पंचांग वाचणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. मुलगा कॉम्प्युटरला गेला. आज तो तेथे रमला आहे, हेही सांगितले पाहिजे. ‘बघा मामा, आवडलं की नाही?’ असे भाचा मला प्रत्येक सणाला ऐकवतो.

त्याला मी उत्तर देत नाही, पण येथे देतो. सतराव्या वर्षी मुलगा निवड करतो ती एकविसाव्या वर्षीच्या माणसासाठी, आणि तो माणूस अजून जन्मलेला नसतो. चार वर्षांचे शिक्षण आपली माहिती वाढवते तशी आपली आवडही घडवते. पुलांच्या शाखेला गेला असता तर तेथेही तो रमला असता. तेव्हा ‘आवडले’ हा निवड योग्य असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. कारण कोणत्याही बाजूने निकाल तोच आला असता. कठोपनिषदातल्या नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय समोरासमोर मांडून दाखवणारा यम तरी भेटला होता. आमच्या मुलांपुढे जे मांडलेले असते त्यातले श्रेय कोणते आणि प्रेय कोणते हे निवडीनंतरच ठरायचे असते. अशा वेळी प्रश्न ‘मला काय आवडेल?’ असा नसून ‘मी कोण व्हायला तयार आहे?’ असा असतो. त्याचे उत्तर मामा देऊ शकत नाही, बापही देऊ शकत नाही. भाच्याच्या मुलाला तो प्रश्न कोणी विचारलाच नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा प्रश्न एका माणसाला मात्र नेमक्या वेळी विचारला गेला. एड्सगर डाइक्स्ट्रा हा डच शास्त्रज्ञ. तो लायडनला सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकत होता आणि अॅम्स्टरडॅमच्या गणितसंस्थेत प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करीत होता. १९५५ साली दोहोंपैकी एक निवडायची वेळ आली. भौतिकशास्त्राला प्रतिष्ठा होती, ग्रंथ होते, आचार्य होते. प्रोग्रॅमिंगला यांतले काहीच नव्हते. त्याला शास्त्र म्हणावे की हातचलाखी, हेच ठरले नव्हते. तो आपल्या वरिष्ठांकडे, व्हान वाइनगार्डेन यांच्याकडे, गेला आणि नेमकी हीच अडचण त्याने सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हटले, की ही यंत्रे आता कायमची आली आहेत, आपण अगदी आरंभाला आहोत; या कामाला प्रतिष्ठित शास्त्र बनवणाऱ्यांपैकी एक तूच का होऊ नयेस? डाइक्स्ट्राने ती वाट धरली. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्याने आपला व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ असा सांगितला, तेव्हा असा व्यवसायच नाही म्हणून अधिकाऱ्यांनी तो नाकारला. अखेर नोंद ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ अशी झाली. १९७२ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्याने स्वतः ही हकीकत सांगितली. आज ज्याला मिळेल तो कॉम्प्युटरकडे धावतो. त्या दिवशी यादीप्रमाणे चालला असता तर डाइक्स्ट्रा त्या वाटेला गेलाच नसता. यादीला फक्त काल माहीत असतो.

‘पण आता यंत्रेच प्रोग्रॅम लिहू लागली, मग चार वर्षांनी या पदवीचे काय?’ असे यंदा मला तिघांनी विचारले. भीती खोटी नाही. आपल्या देशात १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ नये म्हणून कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी मोठे आंदोलन केले होते. आज त्याच वर्गातली घरे संगणकाच्या जागेसाठी देव पाण्यात घालून बसतात. वारे फिरते. २००० साली इंटरनेटच्या कंपन्यांचा फुगा फुटला तेव्हाही फिरले होते. पण या विद्येत न फिरणारा भागही आहे, आणि तो गणिताचा असल्यामुळे मला त्याचे कौतुक अंमळ जास्त. अॅलन ट्युरिंगने १९३६ साली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगणक अस्तित्वात येण्यापूर्वीच, असे सिद्ध केले की काही प्रश्न असे आहेत ज्यांचा निर्णय करणारी सर्वसाधारण यांत्रिक रीत असूच शकत नाही. तो निकाल आजच्या चतुर यंत्रांनाही लागू आहे, उद्याच्याही राहील. प्रोग्रॅमच्या भाषा येतात आणि जातात. तर्क, संख्या, आलेख, एखादी रीत किती पावलांत संपेल याचा हिशेब, हे टिकते. तेव्हा विद्यापीठ पाहायला जाल तर यंत्रे नवी आहेत की नाहीत हे फार पाहू नका. हे टिकाऊ भाग शिकवणारा माणूस शोधा आणि तो ते कंटाळून शिकवतो की रंगून, तेवढे पाहा.

हे मी यंदा प्रत्यक्ष करून पाहिले. माझा एक जुना विद्यार्थी एस.टी.त कंडक्टर आहे. त्याच्या मुलीला गुण असे पडले की पुण्यातल्या एका चांगल्या ठिकाणी तिला संगणक शाखा मिळण्याजोगी होती. आणि घरापासून अकरा किलोमीटरवरच्या नव्या महाविद्यालयात तर हमखास. बाप वही घेऊन आला. त्यात रकाने आखलेले होते. शुल्काचा रकाना मोकळा होता, कारण राज्य सरकारने २०२४ साली ज्या प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे शिक्षणशुल्क माफ केले, त्यांत ती बसत होती. राहण्या-जेवणाचा खर्च उरत होता, पण तो त्याने जमवला होता. मला गंमत वाटली ती ही, की पैशाची अडचण बाजूला झाल्याबरोबर तिच्या मागे उभी असलेली खरी अडचण समोर आली. इतकी वर्षे ती पैशाच्या आड उभी राहत असे. ‘सर, जवळचंच बरं ना? मुलीची जात. एस.टी.चा पास आहे, संध्याकाळी घरी.’ धाकट्या मुलाविषयी विचारले तर म्हणाला, ‘त्याला बाहेर पाठवायचंच आहे.’

मी म्हटले, ‘आधी दोन्ही ठिकाणं पाहून येऊ. कामाच्या दिवशी, आणि दुपारी तीननंतर.’ सकाळी सगळीच महाविद्यालये चांगली दिसतात.

जवळच्या ठिकाणी बाग सुरेख होती. पायऱ्यांवर पगारांचे फलक होते. संगणकाची प्रयोगशाळा बंद होती, कारण किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर होते. मात्र एक तरुण शिक्षक भेटला. त्याने आम्हाला तासभर दिला, मुलीला दोन प्रश्न घातले, आणि तिने उत्तर दिले तेव्हा त्याचा चेहरा उजळला. निघताना तो हळूच म्हणाला, ‘मी इथे किती दिवस राहीन सांगता येत नाही.’ त्याचा करार अकरा महिन्यांचा होता. मला तो माणूस अजून आठवतो.

पुण्याच्या ठिकाणी भिंतींचे पोपडे निघालेले होते. संध्याकाळी साडेसहाला एका वर्गात दिवा दिसला म्हणून डोकावलो. दोन मुली आणि एक मुलगा फळ्यापुढे भांडत होते, आणि त्यांचे शिक्षक मागच्या बाकावर बसून ऐकत होते. कोणी आमच्याकडे पाहिले नाही. मुलगी दारात उभी राहिली ती हलेना. बापाने दोनदा घड्याळ पाहिले, मग पाहायचे सोडून दिले.

परतीच्या गाडीत ती झोपली. बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘सर, ही इथं शिकली की परत यायची नाही.’

‘बहुधा नाही,’ मी म्हणालो. खोटा दिलासा देण्याचे ते ठिकाण नव्हते.

‘धाकटा?’

‘तोही नाही यायचा.’

‘त्याचं काही वाटत नाही,’ तो म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला. गाडी घाट उतरून खाली येईपर्यंत त्याने पुढचे वाक्य बोलले नाही. मीही बोललो नाही. चाळीस वर्षांत मी एवढे शिकलो आहे, की फळ्यापुढच्या मुलाला उत्तर स्वतःच सापडत असेल तर मास्तराने खडू उचलू नये.

पसंतीक्रम मुलीने स्वतः भरला. पुणे पहिले. दुसऱ्या फेरीत जागा मिळाली. तिच्या गुणांचे चीज झाले की ते वाया गेले, हे मी कट-ऑफवरून सांगणार नाही. परवा फोनवर तिने मला एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला अजून सुटलेले नाही. दिवाळीला ती घरी यायची आहे. तिच्या बापाने डेपोत अर्ज टाकला आहे, की वसुबारसेच्या आदल्या दिवशी पुण्याच्या गाडीवर आपली ड्यूटी लावावी. तिकीट मात्र तोच फाडणार, तिला सवलत नाही, असे तो सगळ्यांना सांगत फिरतो आहे.